लेखणीने फेडलेले ऋण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, ईशान्येकडील मॅसॅच्युसेट्स राज्यात, काँकर्ड नावाचे गाव आहे. या गावात तपकिरी रंगाचे एक जुने लाकडी घर जतन करून ठेवलेले आहे. त्याच्या माडीवरील एका खोलीत, दोन खिडक्यांच्या मध्ये, भिंतीला जोडलेली एक अर्धवर्तुळाकार फळी आहे. एका पित्याने आपल्या मुलीला लिहिण्यासाठी ती करून दिली होती. याच फळीवर १८६८ साली ‘लिटल वुमेन’ ही कादंबरी लिहिली गेली. तिची लेखिका लुईझा मे अल्कॉट.

लुईझाचा जन्म २९ नोव्हेंबर १८३२ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील जर्मनटाउन येथे झाला. चार बहिणींत ती दुसरी. ॲना तिच्याहून थोरली, तर एलिझाबेथ व मे या धाकट्या. वडील ब्रॉन्सन अल्कॉट हे शिक्षक व तत्त्वचिंतक होते. मुलांकडून नुसते पाठांतर करून घेण्यापेक्षा प्रश्न विचारून त्यांना विचार करावयास लावावे, असे त्यांचे मत होते. बोस्टन शहरातील आपल्या शाळेत त्यांनी १८३९ साली एका कृष्णवर्णीय मुलीला प्रवेश दिला. तो काळ गुलामगिरीचा होता. अनेक पालकांनी रागाने आपली मुले शाळेतून काढून घेतली. ब्रॉन्सन यांनी आपले तत्त्व सोडले नाही. शाळा बंद पडली आणि घरातील मिळकतही आटली.

पुढे १८४३ साली त्यांनी काही मित्रांसह एका शेतावर आदर्श वसाहत उभारण्याचा प्रयत्न केला. तेथे मांस व दूध वर्ज्य होते. गुलामांच्या श्रमांतून कापूस पिकतो म्हणून सुती कपडेही वर्ज्य होते. विचार थोर होता. परंतु शेतीचा अनुभव बहुतेकांना नव्हता. कडाक्याचा हिवाळा आला, धान्य सरत आले आणि वसाहत मोडली. त्या वेळी लुईझा तुमच्याच वयाची, अवघी अकरा वर्षांची होती. वडिलांची तत्त्वनिष्ठा तिने पाहिली, तशीच त्या निष्ठेपायी आईला सोसावी लागणारी ओढाताणही पाहिली. मोठेपणी आपण या घराला दारिद्र्यातून वर काढावयाचे, हा निश्चय तिच्या मनात रुजला.

काँकर्डमधील तिचे बालपण दरिद्री असले तरी रुक्ष नव्हते. एमर्सन या थोर विचारवंताचा ग्रंथसंग्रह तिला मोकळा होता. निसर्गप्रेमी लेखक थोरो हे मुलांना रानावनांतून हिंडवून फुलापाखरांची ओळख करून देत. लुईझा स्वतः नाटके लिही आणि चौघी बहिणी मिळून ती घरच्या घरी करीत. पळत सुटावे, झाडावर चढावे, मोठमोठ्याने हसावे, हा तिचा स्वभाव. मुलीच्या जातीला हे शोभत नाही, असे म्हणणारे त्या देशातही पुष्कळ होते. लुईझाने त्यांची फारशी पर्वा केली नाही.

थोडी मोठी होताच ती कामाला लागली. तिने शिवणकाम केले, शिकवण्या केल्या, लहान मुले सांभाळली. १८५१ साली एका घरी ती घरकामासाठी राहिली. सात आठवडे राबल्यावर तिच्या हाती अवघे चार डॉलर पडले! दिवसभर काम आणि रात्री लेखन असा तिचा क्रम होता. १८५४ च्या अखेरीस तिचे पहिले पुस्तक निघाले, तरी संसाराला पुरेल एवढा पैसा मिळेना. तेव्हा टोपणनावाने थरारक कथा लिहून ती चार पैसे मिळवू लागली. फील्ड्स नावाच्या एका नामांकित संपादकाने तर तिला लेखनाचा नाद सोडून शिक्षिकाच राहण्याचा सल्ला दिला आणि शाळा काढण्यासाठी चाळीस डॉलर उसने दिले. शाळा चालली नाही; लुईझाने लेखणी मात्र खाली ठेवली नाही. ते चाळीस डॉलर तिने पुढे फेडून टाकले.

दरम्यान १८५८ साली धाकटी एलिझाबेथ दीर्घ आजारानंतर मृत्यू पावली. ते दुःख लुईझाच्या अंतःकरणात कायमचे घर करून राहिले.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. त्यात गुलामगिरीचा प्रश्न पणाला लागला होता. स्त्रियांना रणांगणावर जाता येत नव्हते. म्हणून लुईझा १८६२ च्या डिसेंबरात परिचारिका होऊन वॉशिंग्टनजवळच्या जॉर्जटाउन येथील लष्करी रुग्णालयात दाखल झाली. जखमा धुणे, रुग्णांना भरवणे, मरणोन्मुख सैनिकांची पत्रे लिहून देणे, ही कामे तिने मनोभावे केली. परंतु सुमारे सहा आठवड्यांतच तिला विषमज्वराने गाठले. वडील तिला घरी घेऊन आले. त्या काळच्या रीतीप्रमाणे तिला पाऱ्याचे औषध देण्यात आले होते. जीव वाचला, पण पूर्वीचे आरोग्य तिला पुन्हा कधीच लाभले नाही. रुग्णालयातून घरी धाडलेल्या पत्रांच्या आधारे तिने लिहिलेले पुस्तक १८६३ साली प्रसिद्ध झाले आणि लोकांचे लक्ष तिच्याकडे वळले.

नंतर नाइल्स नावाच्या संपादकाने मुलींसाठी एक कादंबरी लिहिण्याची तिला विनंती केली. लुईझाला हे काम मुळीच आवडले नाही. आपल्या बहिणींखेरीज इतर मुली तिला ठाऊक तरी कुठे होत्या? अखेर तिने त्या बहिणींचीच कथा लिहावयास घेतली. ॲना झाली मेग, एलिझाबेथ झाली बेथ आणि मे झाली एमी. स्वतः लुईझा झाली धडपडी, तापट, लेखनवेडी जो! उजवा हात दुखू लागला की ती डाव्या हाताने लिही. मे महिन्यात आरंभलेली कथा जुलैच्या मध्यास चारशे पानांवर गेली. आरंभीची प्रकरणे संपादकाला नीरस वाटली. लेखिकेलाही तसेच वाटले. मात्र हस्तलिखित वाचणाऱ्या मुलींना ते अतिशय आवडले. १८६८ च्या शरद ऋतूत पुस्तक निघाले आणि पहिली आवृत्ती पाहता पाहता संपली. १८६९ साली दुसरा भाग आला. जोने लग्न न करता लेखिकाच राहावे, असे लुईझाच्या मनात होते. परंतु वाचक मुलींच्या पत्रांचा आग्रह एवढा की, अखेर तिला जोचे लग्न लावून द्यावे लागले.

पैसा आला तेव्हा लुईझाने प्रथम काय केले? तिने घरावरील सर्व कर्ज फेडले. अनेक वर्षांची जुनी देणीही तिने पै न् पै चुकती केली. आईच्या उतारवयाला विसावा मिळाला. चित्रकार मे हिला शिक्षणासाठी युरोपात धाडता आले. ॲनाचे पती १८७० साली वारले, तेव्हा त्यांच्या दोन पोरक्या मुलांचा आधार म्हणून तिने ‘लिटल मेन’ ही कादंबरी लिहिली. १८७९ साली मे बाळंतपणानंतर दगावली. तिची तान्ही मुलगी लुईझाने आपल्या मायेखाली वाढवली. त्याच वर्षी स्त्रियांना शाळा समितीपुरता मताचा अधिकार मिळाला, तेव्हा काँकर्डमध्ये सर्वांआधी नाव नोंदवणारी स्त्री लुईझाच होती.

आजार मात्र तिची पाठ सोडत नव्हता. ४ मार्च १८८८ रोजी वडिलांनी देह ठेवला आणि दोनच दिवसांनी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, लुईझाचीही प्राणज्योत मालवली.

‘लिटल वुमेन’ जगातील अनेक भाषांत गेली. शांता शेळके यांनी ती ‘चौघीजणी’ या नावाने मराठीत आणली. उत्तम कथेच्या शोधात लुईझाने कल्पनेची दूरदूरची राज्ये धुंडाळली होती. ती कथा तिला सापडली आपल्याच घरात, ठिगळे लावलेल्या कपड्यांत आणि बहिणींच्या हसण्यारडण्यात. घराचे ऋण तिने लेखणीने फेडले. आणि ज्या घराने तिला ती कथा दिली, ते घर तिच्या लेखणीने अमर झाले.