डॉ. आनंदीबाई जोशी : दहा दिवसांच्या बाळाची आई



२०२४ साली आपल्या जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. डॉक्टर व्हायचे, पुढे बालरोगशास्त्रात एम. डी. करायचे, असे म्हणणाऱ्या आपल्या मुलामुलींना पहिली पायरी आता घराजवळच मिळाली आहे. एम. डी.साठी तीन वर्षे आणि एक प्रबंध लागतो. परदेशी जाऊन असा प्रबंध लिहिणाऱ्या पहिल्या मराठी मुलीची ही ओळख. तिचा विषय प्रसूतिशास्त्र होता. बालरोगशास्त्र हा वेगळा विषय तेव्हा नुकता आकार घेत होता. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटनासुद्धा तिच्या पदवीनंतर दोन वर्षांनी, १८८८ साली स्थापन झाली. परंतु तिच्या शिक्षणाचे मूळ एका तान्ह्या बाळातच होते.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा, कल्याणच्या जोशी घराण्यातला. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी तिचे लग्न गोपाळराव जोशी या बिजवराशी झाले. ते पोस्ट खात्यात कारकून होते आणि वयाने तिच्यापेक्षा जवळजवळ वीस वर्षांनी मोठे. बायकोने शिकलेच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. त्या काळात ही गोष्ट मोठीच; पण हट्टापायी त्यांनी तिला मारहाणही केली, हे तिच्याच पत्रांतून कळते. तेव्हा गोपाळरावांचे कौतुक करताना थोडे बेतानेच करावे.

चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. योग्य उपचार मिळाले नाहीत. परपुरुष डॉक्टरला अंग दाखवायचे नाही म्हणून बायका घरातच दुखणी सोसत, आणि स्त्री डॉक्टर तर नव्हतीच. आईचे दुखणे अंगावर काढले जाई, त्यात तान्ही मुलेही जात. आनंदीबाई रडून थांबल्या नाहीत. आपणच डॉक्टर व्हायचे, हे त्यांनी मनाशी धरले.

आता जो भाग येतो, तो आपण ख्रिस्ती लोकांनी सावकाश वाचावा असा आहे. पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेत काही सोय होईल का, असे गोपाळरावांनी पूर्वी कोल्हापुरात काम केलेल्या वाइल्डर नावाच्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांना पत्राने विचारले. तुम्ही ख्रिस्ती झालात तर मदत करता येईल, असे उत्तर आले. जोशी दांपत्याला ते मान्य नव्हते. पण वाइल्डरसाहेबांनी हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला, आणि १८८० साली न्यू जर्सी राज्यातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या हाती तो अंक पडला. दातांच्या डॉक्टरकडे नंबर येण्याची वाट पाहत त्या बसल्या होत्या. घरी जाऊन त्यांनी या अनोळखी मुलीला पत्र लिहिले. मुलीने कोणत्या धर्मात राहावे, याची अट त्यांनी घातली नाही. पुढे आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

तोवर गोपाळरावांची बदली बंगालमध्ये झाली होती. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर येथे, मिशनऱ्यांनीच स्थापन केलेल्या कॉलेजच्या सभागृहात, अठरा वर्षेही पूर्ण न झालेल्या आनंदीबाईंनी भाषण केले. हिंदू बायकांसाठी हिंदू स्त्री डॉक्टर हवी आणि आपण हिंदू म्हणूनच जाऊन हिंदू म्हणूनच परत येऊ, हे त्यांनी सर्वांसमोर सांगितले. खर्चासाठी सोन्याच्या बांगड्या विकल्या. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून जहाज निघाले. ४ जूनला न्यूयॉर्कच्या बंदरात कार्पेंटरबाई त्यांना घ्यायला आल्या.

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, प्राचार्या रेचल बॉडली यांच्या हाताखाली शिक्षण सुरू झाले. थंडी सोसवेना, शाकाहार सोडायचा नाही. प्रकृती ढासळू लागली आणि क्षयाने शरीरात घर केले. तरीही १८८६ साली त्यांनी प्रबंध पूर्ण केला. विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. जुने आयुर्वेदाचे ग्रंथ आणि अमेरिकेतील पाठ्यपुस्तके, दोन्हींचा आधार त्यांनी घेतला. आपल्या आजीबाईंच्या ज्ञानाला नाक मुरडणे किंवा ते सगळेच पवित्र मानणे, हे दोन्ही सोपे असते. वीस वर्षांच्या या मुलीने दोन्ही ग्रंथ एकाच टेबलावर ठेवले, हे मला फार मोलाचे वाटते.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. पदवी मिळाली. समारंभाला गोपाळराव होते आणि पंडिता रमाबाईही होत्या. रमाबाई त्यांच्या नात्यातल्या. त्यांनी १८८३ साली इंग्लंडमध्ये स्नानसंस्कार घेतला होता. एक ख्रिस्ती झालेली, दुसरी हिंदू राहिलेली; पण आनंदीबाईंच्या या दिवसासाठी रमाबाई समुद्र ओलांडून आल्या.

येथे आपल्या ख्रिस्तसभेविषयीही खरे ते सांगायला हवे. त्या काळी आपल्या धर्मभगिनींना बाळंतपणाचे काम करण्यास मनाई होती. अ‍ॅग्नेस मॅक्लॅरन या स्कॉटिश डॉक्टरबाईंनी रोमकडे पुन्हापुन्हा दाद मागितली. डॉ. अ‍ॅना डेंगल यांनी १९२५ साली वैद्यकीय सेवेसाठी धर्मभगिनींचा संघ उभारला. आणि अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमने परवानगी दिली. आनंदीबाईंच्या पदवीला तेव्हा पन्नास वर्षे होत आली होती. आज दवाखान्यात बाळंतिणीजवळ उभी असलेली सिस्टर आपल्याला इतकी ओळखीची वाटते, की ही मनाई कधी होती हेच आपण विसरून गेलो आहोत.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून आनंदीबाईंची नेमणूक झाली होती. १८८६ च्या अखेरीस त्या मुंबईत उतरल्या, पण कोल्हापूरला रुजू होणे झालेच नाही. आजार बळावला होता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिनाभर बाकी होता. स्वतंत्रपणे एकही रुग्ण त्यांना आपल्या गावात तपासता आला नाही.

गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. बाईंनी त्या न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे, आपल्या घराण्याच्या दफनभूमीत, आपल्याच माणसांशेजारी ठेवल्या.