खुब्याचा सांधा बदलणारा डॉक्टर, ज्याने स्वतःच्या मांडीवर प्रयोग केला

सातपूर एमआयडीसीतल्या कुठल्याही टर्नरला विचारा: दोन भाग एकमेकांवर घासणार असतील, तर ते कशाचे बनवायचे हाच खरा प्रश्न असतो. कृत्रिम खुब्याचं कोडंही हेच होतं. ते सोडवलं सर जॉन चार्न्ली यांनी.

1911 मध्ये इंग्लंडमधल्या बरी इथे जन्मलेले चार्न्ली हाडांचे सर्जन होते. त्यांच्या एका रुग्णाचा अ‍ॅक्रिलिकचा खुबा हालचाल करताना करकरायचा. दोष घर्षणाचा आहे, हे त्यांनी ओळखलं.

मग रायटिंग्टन हॉस्पिटलमध्ये त्यांनी स्टीलचा छोटा गोळा आणि टेफ्लॉनची वाटी बसवायला सुरुवात केली. सुमारे 300 रुग्णांचं दुखणं थांबलं. पण काही वर्षांतच वाट्या झिजल्या आणि त्या भुकटीने आजूबाजूचं हाड पोखरलं. चार्न्लींनी टेफ्लॉनचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. तिथे गाठी आल्या.

1962 मध्ये यंत्रमागाचे गिअर विकणाऱ्या एका विक्रेत्याने पॉलिथिलीनचा तुकडा आणून दिला. चार्न्लींना त्यात दम वाटला नाही. तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र तो झीज मोजणाऱ्या मशीनवर चढवला. अनेक आठवडे मशीन चाललं, झीज मात्र नगण्य! चार्न्लींनी चूक मान्य केली आणि त्याच नोव्हेंबरमध्ये नवी वाटी बसवली.

या वेळी घाई नव्हती. निकाल वर्षानुवर्षं तपासूनच त्यांनी हा सांधा इतर सर्जनसाठी खुला केला. मृत्यूनंतर सांधा तपासणीसाठी देण्याची विनंतीही ते रुग्णांना करत.

चार्न्ली 1982 मध्ये गेले. धातूचा गोळा आणि पॉलिथिलीनची वाटी ही जोडी आजही वापरात आहे.