वाळवंटातील महातपस्वी संत अंतोनी

नाईल नदी ही इजिप्त देशाची जीवनदायिनी होय. तिच्या दोन्ही तीरांवर काळ्या, सुपीक जमिनीचा चिंचोळा पट्टा आहे आणि तो संपताच अफाट वाळवंटास प्रारंभ होतो. हिरवे शेत आणि उजाड वाळू यांच्यामध्ये कित्येक ठिकाणी अवघ्या काही पावलांचे अंतर असते. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात एका सधन कुळातील तरुणाने हे अंतर ओलांडले आणि पुढे त्याच्या मागून हजारो माणसे त्या वाटेने गेली. ख्रिस्ती धर्मातील संन्यासपरंपरेचे जनक म्हणून ज्यांना गौरविले जाते, ते संत अंतोनी हेच होत.

अंतोनी यांचा जन्म इ. स. 251 च्या सुमारास इजिप्तमधील एका खेड्यात झाला. आईवडील धर्मनिष्ठ ख्रिस्ती होते व घरची स्थिती उत्तम होती. वयाच्या अठरा-वीस वर्षांच्या आसपास मातापित्यांचे छत्र हरपले. मागे राहिली ती धाकटी बहीण, भरले घर आणि सुमारे 300 अरूरा, म्हणजे आजच्या हिशेबाने 200 एकरांच्या घरातील उत्तम पिकाऊ जमीन. नाईलकाठी एवढी जमीन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची निश्चिंती होती.

पुढे सहा महिनेही लोटले नसतील. एके दिवशी ते प्रार्थनामंदिरात गेले असता शुभवर्तमानातील एक प्रसंग वाचला जात होता. पूर्णत्वाची आस धरणाऱ्या एका श्रीमंत तरुणास येशू ख्रिस्ताने सर्वस्व विकून गोरगरिबांना वाटून टाकण्यास सांगितले, असा तो प्रसंग. ऐकणारे पुष्कळ होते. परंतु ही आज्ञा आपल्यालाच झाली आहे, असे अंतोनी यांच्या मनाने घेतले. त्यांनी जमीन गावकऱ्यांच्या स्वाधीन केली. घरातील चीजवस्तू विकून आलेली रक्कम गरिबांना वाटली आणि बहिणीसाठी थोडा भाग राखून ठेवला. काही दिवसांनी उद्याची चिंता न करण्याचा उपदेश कानी पडला, तेव्हा राखून ठेवलेला तो भागही त्यांनी देऊन टाकला. बहिणीला त्यांनी व्रतस्थ जीवन जगणाऱ्या विश्वासू स्त्रियांच्या हाती सोपविले.

धनाचा त्याग करणे त्या मानाने सोपे गेले. बहिणीची काळजी मात्र मनातून सहजासहजी सुटली नाही. चरित्रकार नमूद करतो की, तपश्चर्येच्या आरंभीच्या काळात त्यांना ज्या विचारांनी छळले, त्यांत गेलेल्या संपत्तीची आठवण, आप्तांची ओढ, कीर्तीची लालसा यांच्याबरोबर या बहिणीची चिंताही होती. पुढे शतकानुशतके युरोपातील चित्रकारांनी अंतोनी यांच्याभोवती भयंकर रूपाचे राक्षस रंगविले. वास्तविक त्यांचा पहिला झगडा होता तो अशा नित्य परिचयाच्या, घरगुती विचारांशी.

त्या काळी संन्याशांचे मठ नव्हते. एखादा साधक गावाच्या वेशीबाहेर एकटाच राहून साधना करीत असे. अंतोनी अशा साधकांकडे जात आणि एकाकडून सौम्यता, दुसऱ्याकडून जागरण, तिसऱ्याकडून क्षमाशीलता असे गुण वेचून घेत. ते स्वतःच्या हातांनी श्रम करीत व मिळकतीतून भाकरीपुरते ठेवून उरलेले गरजूंना देत. दिवसातून एकदाच, सूर्यास्तानंतर ते अन्न घेत. कधी दोन, तर कधी चार दिवसांनी. भाकरी, मीठ आणि पाणी हाच त्यांचा आहार. निजण्यास बोरूची चटई, नाहीतर नुसती भुई.

पुढे काही काळ त्यांनी गावाबाहेरील एका थडग्याच्या कोठडीत एकांत पत्करला. वयाच्या पस्तिशीच्या सुमारास नाईल ओलांडून ते एका ओसाड गढीत गेले आणि त्यांनी आतून दार लावून घेतले. वर्षातून दोनदा भाकरीचा साठा आत दिला जाई. अशी जवळजवळ वीस वर्षे गेली. अखेरीस इ. स. 305 च्या सुमारास भेटीसाठी आतुर झालेल्या लोकांनी ते दार मोडले. इतक्या वर्षांच्या कोंडवासाने शरीर खंगले असेल किंवा बुद्धी भ्रमिष्ट झाली असेल, अशी सर्वांची अटकळ होती. प्रत्यक्षात त्यांच्यासमोर आला तो निरोगी देहाचा, शांत चित्ताचा आणि गर्दी पाहून न बावरणारा पुरुष. त्यांनी दुःखितांचे सांत्वन केले आणि भांडणाऱ्यांची समजूत घातली. त्यांच्या उपदेशाने त्या डोंगराळ भागात साधकांच्या झोपड्या उभ्या राहू लागल्या.

इ. स. 311 मध्ये सम्राट मॅक्सिमिनसच्या राज्यात ख्रिस्ती लोकांचा पुन्हा छळ सुरू झाला, तेव्हा अंतोनी एकांत सोडून अलेक्झांड्रिया नगरीत गेले. तुरुंगांत आणि खाणींत खितपत पडलेल्या धर्मबंधूंची त्यांनी सेवा केली. संन्याशांनी न्यायालयाकडे फिरकू नये व नगरात राहू नये, असा हुकूम निघाला. इतर जण लपून राहिले. अंतोनी यांनी आपले वरचे वस्त्र स्वच्छ धुतले आणि दुसऱ्या दिवशी ते परिधान करून अधिकाऱ्याला दिसेल अशा उंच जागी जाऊन उभे राहिले. मरणाची त्यांची तयारी होती, परंतु त्यांना कोणी हात लावला नाही.

छळ थांबल्यावर लोकांची रीघ इतकी वाढली की कीर्ती हीच आता साधनेतील बाधा ठरू लागली. तेव्हा अरब वाटाड्यांच्या तांड्याबरोबर तीन दिवस, तीन रात्री चालून ते तांबड्या समुद्राकडील एका डोंगराच्या पायथ्याशी पोहोचले. तेथे गोड पाण्याचा झरा होता आणि खजुराची थोडी झाडे होती. शिष्य दुरून भाकरी आणू लागले. त्यांचे कष्ट पाहून अंतोनी यांनी कुदळ, कुऱ्हाड व थोडे बियाणे मागवून घेतले आणि धान्य पिकविले. आपला भार कोणावर पडू नये, हा त्यांचा कटाक्ष होता. थकून येणाऱ्या पाहुण्यांसाठी त्यांनी थोडा भाजीपालाही लावला. पाण्यावर येणारी रानटी जनावरे पिकाची नासाडी करीत. तेव्हा त्यांनी एका जनावराला हळुवारपणे धरून समजाविले आणि पुढे त्यांचा उपद्रव थांबला, असे चरित्रात सांगितले आहे.

सम्राट कॉन्स्टंटाइन व त्याचे पुत्र यांचे पत्र आले, तेव्हा शिष्यांना मोठे अप्रूप वाटले. अंतोनी यांना त्याचे काहीच वाटले नाही; राजाही अखेर मनुष्यच, अशी त्यांची धारणा होती. उत्तरात त्यांनी न्यायाने वागावे आणि गरिबांकडे लक्ष द्यावे, असे सम्राटाला कळविले. उतारवयात एकदा त्यांची बहिणीशी भेट झाली. तीही आता वृद्ध झाली होती आणि व्रतस्थ स्त्रियांच्या समूहाची प्रमुख बनली होती. तिला पाहून अंतोनी यांना फार आनंद झाला. तारुण्यात सोडलेला तो एक धागा असा समाधानाने जुळला.

इ. स. 356 मध्ये, वयाच्या 105 व्या वर्षी त्यांनी देह ठेवला, असे परंपरा सांगते. थोरांची प्रेते तागाच्या वस्त्रात गुंडाळून घरात जपून ठेवण्याची चाल तेथे होती. आपल्या देहाचे तसे स्तोम माजू नये म्हणून त्यांनी दोघा शिष्यांना गुप्तपणे दफन करण्यास सांगितले. मागे उरली ती मेंढीच्या कातड्याची दोन पांघरुणे, एक झगा आणि केसांचे एक जाडेभरडे वस्त्र. झगा बिशप अथनेशियस यांनी दिला तेव्हा नवा होता; अंतोनी यांनी वापरून जुना केलेला तो झगा एका पांघरुणासह त्यांच्याकडेच परत गेला. दुसरे पांघरूण बिशप सेरापियन यांना आणि केसांचे वस्त्र त्या दोघा शिष्यांना मिळाले. ज्या जीवनाची सुरुवात 200 एकरांनी झाली, त्याची शेवटची वाटणी एवढीच होती.

याच अथनेशियस यांनी लवकरच त्यांचे चरित्र ग्रीक भाषेत लिहिले व त्याचे लॅटिन भाषांतर पश्चिमेकडे पोहोचले. इ. स. 386 मध्ये मिलान नगरीत ही कथा ऐकून ऑगस्टीन यांचे मन हेलावले व त्यांच्या जीवनाला निर्णायक वळण लागले. इजिप्तमध्ये पाखोमियस यांनी एकत्र राहून, ठरावीक नियमांनी श्रम व प्रार्थना करणारे मठ उभारले. नित्रिया व स्केटिस येथे साधकांच्या वसाहती झाल्या. तेथील वडीलधाऱ्या साधकांना ‘अब्बा’ व साधिकांना ‘अम्मा’ म्हणत. जॉन कॅसियन यांनी ही शिकवण फ्रान्समध्ये नेली आणि सहाव्या शतकात इटलीत बेनेडिक्ट यांनी रचलेल्या मठनियमांतही तिचा अंश उतरला. गोव्यात शिवोलीचे चर्च ज्यांच्या नावाने आहे ते संत अंतोनी निराळे. ते तेराव्या शतकातील, पदुआचे. त्यांचे मूळ नाव फर्नांदो. संन्यास संघात प्रवेश करताना त्यांनी जे नाव स्वीकारले, ते मात्र इजिप्तच्या याच तपस्व्याचे. तांबड्या समुद्राजवळील डोंगराच्या पायथ्याशी कॉप्टिक संन्याशांचा संत अंतोनी मठ आजही नांदता आहे.

त्यांच्याविषयीची एक आख्यायिका गृहस्थांनी विशेष ध्यानात ठेवावी अशी आहे. साधना करीत असताना अंतोनी यांना असा साक्षात्कार झाला की, नगरात त्यांच्या बरोबरीचा एक मनुष्य आहे. तो कोणी संन्यासी नव्हता, वैद्य होता. आपल्या गरजेपुरते ठेवून उरलेले सारे तो गरिबांना देई आणि दररोज ईश्वराचे स्तवन करी. उभ्या आयुष्याची तपश्चर्या आणि भर वस्तीत राहून मर्यादेने केलेला संसार या कथेत एकाच पारड्यात तोलले गेले आहेत. सर्वांनाच वाळवंटात जाणे शक्य नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. आपल्या गरजेची रेघ कोठे ओढावयाची, हे ज्याचे त्याने ठरवावे. अंतोनी यांच्या चरित्राने ती ओढण्याचे धैर्य मात्र अवश्य मिळते.