उरलेलं काम कोणाचं?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधीची गोष्ट. आई-बाबांच्या लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण होणार होती आणि आमची सबमिशन्स नेमकी त्याच आठवड्यात आली. घरी जाणं शक्यच नव्हतं. म्हणून मी ठरवलं की ऑनलाइन फोटोकार्ड बनवून घरी पाठवायचं. फोटो टाका, मजकूर लिहा, पत्ता द्या, पैसे भरा. रूममेटच्या मते पाच मिनिटांचं काम.

मला दोन तास लागले. कारण फोटोच सापडेना! फोनमध्ये हजारभर फोटो. बाबा आहेत, आजी आहे, धाकटा भाऊ तर पन्नास पोझमध्ये आहे. आई कुठेच नाही. असलीच तर पाठमोरी, नाहीतर कोपऱ्यात अर्धी कापलेली. आमच्या घरात फोटो काढते तीच, आणि तिच्या हातात फोन नसेल तेव्हा ती स्वयंपाकघरात असते. हे वीस वर्षांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

भावाला कपाटातले जुने अल्बम शोधायला सांगून मी वाट बघत बसले. तेव्हा मनात आलं, आपल्या माणसांचा फोटो आपणच काढून त्याचं कार्ड पाठवायचं, ही सोय साध्या लोकांना मिळाली कशी? दुसऱ्या दिवशी लायब्ररीत बसून वाचलं, आणि जॉर्ज ईस्टमन नावाचा माणूस भेटला. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादकांनी सांभाळून घ्यावं. पण ही गोष्ट मराठीतच लिहायची होती, कारण हा अंक घरी नेला की आई आधी मराठी विभाग उघडते.

जॉर्जचा जन्म १२ जुलै १८५४ चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरव्हिल गावचा. तो सात वर्षांचा असताना वडील वारले. आईने, मारियाने, रॉचेस्टर शहरातल्या घरात पेइंग गेस्ट ठेवून संसार चालवला. दोन मोठ्या बहिणींपैकी एकीला पोलिओ झालेला. चौदाव्या वर्षी जॉर्जने शाळा सोडली आणि एका विमा कंपनीच्या ऑफिसात आठवड्याला ३ डॉलरवर ऑफिसबॉय म्हणून लागला. बहीण १८७० मध्ये गेली. १८७४ मध्ये त्याला बँकेत क्लार्कची नोकरी मिळाली, पगार आठवड्याला साधारण १५ डॉलर.

चोविसाव्या वर्षी त्याने सांतो दोमिंगोला फिरायला जायचं ठरवलं. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने सुचवलं, फोटो काढून आण. त्याने सामान विकत घेतलं आणि डोक्याला हातच लावला असेल! अवजड कॅमेरा, तिवई, काचेच्या प्लेटा, रसायनं, पाण्याचा जग आणि वर एक तंबू. कारण त्या काळात प्लेट ओली असतानाच फोटो काढून तिथल्या तिथे डेव्हलप करावा लागे. सहल राहिली ती राहिलीच, पण हे सगळं सोपं कसं करता येईल हा किडा डोक्यात शिरला.

दिवसा बँक आणि रात्री आईच्या स्वयंपाकघरात प्रयोग. इंग्लंडच्या मासिकांत कोरड्या जिलेटिन प्लेटांबद्दल त्याने वाचलं होतं. जिलेटिन आणि चांदीचे क्षार यांचं मिश्रण आईच्या शेगडीवर शिजवायचं आणि काचेवर लावायचं. कधी कधी तो तिथेच शेगडीजवळ जमिनीवर झोपून जाई. इंजिनिअरिंगची डिग्री नाही, लॅब नाही, गाईड नाही. तरी प्लेटवर एकसारखा थर देणाऱ्या यंत्राचं पेटंट त्याने १८७९ मध्ये लंडनमध्ये आणि १८८० मध्ये अमेरिकेत मिळवलं. आईकडेच राहिलेल्या हेन्री स्ट्राँग या उद्योजकाच्या पैशावर १८८१ मध्ये कंपनी उभी राहिली.

लगेच पुढच्या वर्षी संकट आलं. विकलेल्या प्लेटा दुकानदारांकडे पडून खराब होऊ लागल्या. ईस्टमनने उत्पादन थांबवलं आणि सगळ्या प्लेटा बदलून दिल्या. शोध घेतल्यावर दोष विकत आणलेल्या जिलेटिनमध्ये निघाला. नवी कंपनी यात बुडू शकली असती. पण माल परत घेतल्यामुळे नाव टिकलं.

मग काचेऐवजी गुंडाळता येणारी फिल्म आली आणि १८८८ मध्ये कोडॅक कॅमेरा. या शब्दाला अर्थ काहीच नाही. ईस्टमनला ‘के’ हे अक्षर आवडायचं, आईच्या माहेरचं नावही त्याच अक्षराने सुरू व्हायचं. अक्षरं जुळवून त्याने हा शब्द बनवला. कॅमेऱ्यात १०० फोटोंचा रोल आधीच भरलेला असे. किंमत २५ डॉलर, म्हणजे त्याच्या बँकेतल्या दीड आठवड्याच्या पगाराहून जास्त. रोल संपला की अख्खा कॅमेरा पोस्टाने रॉचेस्टरला पाठवायचा. १० डॉलरमध्ये फोटो छापून आणि नवा रोल भरून तो परत येई. जाहिरातीचा सूर असा, की तुम्ही फक्त बटण दाबा, उरलेलं काम आमचं. आपण आज फोटो अपलोड करतो आणि छापलेलं कार्ड थेट घरी पोचतं, त्याची कल्पना ही इतकी जुनी आहे!

१९०० मध्ये त्याने ब्राउनी कॅमेरा आणला, फक्त १ डॉलरला. आता लहान मुलंही फोटो काढू लागली. पुढे १९०३ मध्ये कार्डाच्या मापाचा निगेटिव्ह देणारा कॅमेरा आला. पाठीमागे पोस्टकार्डासारखं छापलेलं फोटोपेपरही मिळू लागलं. आपल्या बाळाचा, आपल्या घराचा फोटो छापायचा आणि नातेवाइकांना धाडायचा. १ मार्च १९०७ पासून अमेरिकेत अशा कार्डाच्या मागे पत्त्याशेजारी मजकूरही लिहायला परवानगी मिळाली. त्याच वर्षी जूनमध्ये मारिया गेली. घराघरांतून आईला फोटोकार्डं जाऊ लागली तेव्हा ज्याच्यामुळे ती जात होती त्याचीच आई उरली नाही. ईस्टमनने लग्न केलं नाही.

१९१४ मध्ये तर फोटो काढतानाच फिल्मवर तारीख आणि चार शब्द लिहायची सोय असलेला कोडॅक आला. ती युक्ती हेन्री गेझमनची, हक्क कंपनीने विकत घेतले.

त्याचं सगळंच गोड नव्हतं. हॅनिबल गुडविन नावाच्या पाद्र्याने पारदर्शक फिल्मच्या पेटंटसाठी १८८७ मध्ये अर्ज केला होता. त्याला पेटंट मिळालं १८९८ मध्ये आणि तोपर्यंत ईस्टमनच्या कंपनीची तशीच फिल्म बाजारात होती. खटला गुडविनच्या मृत्यूनंतरही चालला आणि १९१४ मध्ये कोडॅकला ५० लाख डॉलर मोजावे लागले.

पण देण्यातही हा माणूस कमी नव्हता. एमआयटीतून शिकलेले इंजिनिअर त्याच्या कारखान्यात उत्तम काम करत, म्हणून १९१२ मध्ये त्याने एमआयटीच्या नव्या कॅम्पससाठी २५ लाख डॉलर दिले, तेही मिस्टर स्मिथ या खोट्या नावाने. हा स्मिथ कोण, हे १९२० पर्यंत गुपित होतं. तिथे लावलेल्या धातूच्या फलकावरचं त्याचं नाक मुलं परीक्षेआधी नशिबासाठी घासतात. (आपल्या कॉलेजलाही असं एखादं नाक हवं होतं!)

शेवटच्या वर्षांत मणक्याच्या आजाराने त्याला चालणं कठीण झालं. १४ मार्च १९३२ रोजी, सत्त्याहत्तराव्या वर्षी, त्याने स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. दुखणं शरीराचं असो की मनाचं, ते एकट्याने सोसत बसू नये, निदान शेजारच्या रूमचं दार तरी वाजवावं, एवढंच हॉस्टेलच्या मित्रमैत्रिणींना सांगावंसं वाटतं.

बटण दाबल्यानंतरचं काम कंपनीने खरंच सोपं केलं. पण फोटोत कोण नाही, हे तिला कसं कळणार? ते काम आमच्या घरात वीस वर्षं कोणीच केलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

रात्री उशिरा भावाने अल्बममधला एक फोटो पाठवला. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीचा, आत्याने काढलेला. आई चकली पाडतेय, हाताला पीठ, केस विस्कटलेले, आणि मागून बाबा चकली पळवतायत. वेबसाइटवरचा इंग्रजी मजकूर पुसून मी मराठीत दोन ओळी लिहिल्या आणि ऑर्डर दिली.

कार्ड पोचल्यावर आईचा फोन आला. आधी ओरडली, की दुसरा बरा फोटो मिळाला नाही का तुला. मग म्हणाली की आजीला दाखवून आले, बाबांना दाखवलं, शेजारच्या काकूंनाही दाखवलं. आता ते कार्ड फ्रिजवर लावलंय.

दिवाळीला घरी गेले तेव्हा फोन मी माझ्याकडेच ठेवला. आई चकली पाडत होती आणि ओरडत होती, अगं आधी हात तरी धुऊ दे. मी बटण दाबलं.