टेकडीवरचा याबा

क्रिकेटचा इतिहास म्हटला की फलंदाज आणि गोलंदाज आठवतात. ज्याने कसोटीत एकही चेंडू टाकला नाही की खेळला नाही, अशा एका प्रेक्षकाचा पुतळा मैदानात बसवला आहे, हे वाचून मी थबकलो. सिडनीचा हा स्टीफन हॅरल्ड गॅस्कॉइन. पण बडबडीवरून पडलेले याबा हेच त्याचे नाव ऑस्ट्रेलियाभर झाले. (चरित्रनायकाला अहोजाहो करण्याचा शिरस्ता आहे खरा, याबाला ते शोभणार नाही.)

१८७८ साली सिडनीच्या रेडफर्न भागात तो जन्मला. धंदा ससे विकण्याचा. गल्लोगल्ली आरोळी देत फिरायचे. फेरीवाल्याचा गळा कसा तयार होतो हे मला घरीच कळले आहे. दोन आळ्या पलीकडून वडिलांची हाक आम्ही ओळखतो. याबाचा तो गळा सामन्याच्या दिवशी सिडनी क्रिकेट मैदानाच्या टेकडीवर लागे. टेकडी म्हणजे धावफलकापुढचा गवताळ उतार, साध्या माणसांची बसायची जागा.

त्याची थट्टा बोचरी असे, पण ती खेळ जाणणाऱ्याची होती. एका रटाळ फलंदाजाला म्हणे त्याने सांगितले, की तू पुतळा आणि मी कबूतर असतो तर बरे झाले असते. १९३२-३३ च्या बॉडीलाइन मालिकेत इंग्लंडचा कर्णधार जार्डिन तोंडावरच्या माश्या हाकलू लागला, तेव्हा येथे तुझ्या मैत्रीच्या तेवढ्याच उरल्या आहेत, त्यांना तरी मारू नकोस, असा सल्ला टेकडीवरून गेला. त्याचे श्रेयही याबालाच देतात.

मात्र गुण दिसला की तो प्रतिपक्षाचाही होई. जॅक हॉब्ज १९२८-२९ च्या दौऱ्यावर सिडनीला शेवटची कसोटी खेळला, तेव्हा मैदानाला फेरी मारताना त्याने मुद्दाम याबाशी हस्तांदोलन केले. १९३५ च्या जानेवारीत तेथे स्त्रियांचा कसोटी सामना झाला. आता याबाची जीभ सुटणार, अशी लोकांची अपेक्षा. त्याने मात्र हेच खरे क्रिकेट म्हणून मुलींच्या वाटेला जायचे नाकारले. मला त्याच्या साऱ्या कोट्यांपेक्षा हे गप्प राहणे मोठे वाटते.

८ जानेवारी १९४२ रोजी तो वारला. सिडनीच्या मैदानाने त्याच्यासाठी एक मिनिट स्तब्धता पाळली. ज्या आवाजाने तेथे कधी शांतता टिकू दिली नव्हती, त्याच्यासाठी! पुढे १९४७ च्या डिसेंबरात आपल्या कोल्हापूरच्या दत्तू फडकरांनी पहिल्याच कसोटीत त्याच मैदानावर ५१ धावा केल्या आणि १४ धावांत ३ बळी घेतले. याबा त्यांना काय म्हणाला असता कोण जाणे.

आज ती गवताळ टेकडी नाही. तेथे स्टँड आणि खुर्च्या आहेत. त्या खुर्च्यांतच २००८ साली याबाचा ब्राँझचा पुतळा बसवला. हात तोंडाशी नेलेला, आरोळी देण्याच्या बेतात. कबुतरे येऊन बसत असतील, तर त्याची तक्रार करायला त्याला जागा नाही.