गाडगेबाबा : देणारा हात कसा घडतो?



काही माणसांचा हात सदा देता असतो, तर काहींची मूठ काही केल्या उघडत नाही. असं का? 1982 च्या गिरणी संपात आमच्या चाळीत सगळ्यांचेच हाल होते. तरी कोणी अर्धी भाकर शेजारी दिली, कोणी दाराला कडी लावून खाल्ली. म्हणजे नुसतं दुःख भोगून माणूस दयाळू होत नाही. मग कशानं होतो? मला याचं उत्तर गाडगेबाबांच्या जीवनात सापडलं.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यात, परिटाच्या घरात झाला. बाप दारूपायी गेला. आई सखुबाई लेकराला घेऊन दापुरीला माहेरी आली. डेबूनं गुरं राखली, शेतात घाम गाळला. शाळेचं तोंड पाहिलं नाही. पुढे मामाची जमीन सावकारानं गिळली, तेही त्यानं डोळ्यांनी पाहिलं.

एवढं सोसून दुसरा कोणी कडवट झाला असता. डेबूजींनी मात्र जे आपल्या घराला जाळून गेलं, ते दुसऱ्याच्या घराला जाळू नये असा निश्चय केला. सुरुवात घरापासूनच केली. मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून गोडाचं जेवण घातलं. मग 1905 साली घर सोडलं.

अंगावर चिंध्या, हातात खराटा, डोक्यावर गाडगं. गावात शिरले की आधी गाव झाडायचं, मग भाकरी मागायची, रात्री कीर्तन करायचं. कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, शिवाशीव पाळू नका, पोरांना शिकवा, हेच सांगायचं. लोकांनी दिलेल्या पैशांतून धर्मशाळा, शाळा, दवाखाने उभे राहिले. स्वतःसाठी त्यातली कवडीही घेतली नाही. पण एक गोष्ट विसरता कामा नये. या त्यागाची किंमत पत्नी कुंताबाई आणि मुलांनीही मोजली. त्यांच्या वाट्याला कष्टच आले.

पंढरपूरला अस्पृश्यांना कोणी थारा देत नव्हतं. तिथे बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली, आणि 1949 साली ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. न शिकलेल्या माणसानं शिक्षणासाठी दिलेलं हे दान! 6 डिसेंबर 1956 ला बाबासाहेब गेले. त्याच महिन्याच्या 20 तारखेला अमरावतीजवळ वलगाव इथं गाडगेबाबांनीही देह ठेवला.

माझ्या अल्पबुद्धीला इतकं कळतं, की करुणा कोणी जन्मतः गाठोड्यात बांधून आणत नाही. आपलं दुःख विसरायचं नाही, आणि ते दुसऱ्याच्या दारात दिसलं की लगेच हात चालवायचा. बाबा रोज झाडत होते, म्हणून रोज देऊ शकले. सवयीनं खराटा हाताला बसतो, तसं देणंही बसतं. आपल्या लेकरांच्या हातून आजपासून रोज काहीतरी द्यायला लावू या. पैसाच पाहिजे असं नाही. शेजारच्या म्हातारीला एक हंडा पाणी भरून दिलं, तरी सुरुवात झाली.