डॉ. मार्जरी वॉरन यांचा वॉर्ड

१९३५ मध्ये लंडनच्या पश्चिमेला आयलवर्थ येथील वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलने शेजारचे जुने 'वर्कहाउस', म्हणजे निराधारांचे आश्रयगृह, ताब्यात घेतले. तिथे वर्षानुवर्षे आजारी असलेले ७१४ रुग्ण होते, बहुतेक वृद्ध. त्यांची जबाबदारी डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडे आली. १८९७ चा जन्म, १९२३ मध्ये डॉक्टर, ओढा शस्त्रक्रियेकडे. वृद्धांच्या आजारांचे वेगळे शिक्षण त्यांनाही मिळाले नव्हते.

अनेक रुग्णांचे निदानच झालेले नव्हते. सतत पडून राहिल्याने स्नायू झडतात, सांधे आखडतात, पाठीला जखमा होतात, लघवीवरचा ताबा जातो. मग सगळ्याचे खापर वयावर फोडले जाते. वॉरनबाईंनी प्रत्येकाला नव्याने तपासले आणि वर्गवारी केली. अर्धांगवायू झालेल्यांना उभे केले, पाय कापलेल्यांना चालायला शिकवले. भिंतींना उजळ रंग दिला, धरून चालायला कठडे बसवले. काही जण घरी परतले, काही वृद्धाश्रमात गेले. पुढे निम्म्याहून कमी खाटा पुरू लागल्या.

एवढ्यावर त्या थांबल्या असत्या, तर एक वॉर्ड सुधारला असता, इतकेच. १९४३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधील लेखात त्यांनी पुढची मागणी केली. वृद्धांचा विभाग सर्वसाधारण रुग्णालयातच हवा, कारण तपासण्या आणि तज्ज्ञ तिथे असतात. आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना व परिचारिकांना हा विषय शिकवलाच पाहिजे. त्या काळी नामांकित शिक्षण रुग्णालये जुनाट आजारांचे रुग्ण शक्यतो दाखल करून घेत नसत. मग तरुण डॉक्टर शिकणार कुठे? न्यूमोनिया ओळखणे त्यांना यायचे. पण आजीबाई खुर्चीतून स्वतः उठतात का, कपडे घालतात का, घरी त्यांच्याजवळ कोण आहे, हे विचारायचे असते हेच ठाऊक नसे. वॉरनबाईंच्या वॉर्डात परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि समाजसेविका यांचे मत उपचारांत धरले जाई. हेही शिक्षणच, आणि ते पुस्तकातून येत नाही. हे काम पाहायला इतर डॉक्टर आयलवर्थला येऊ लागले.

१९४७ मध्ये वृद्धसेवेसाठी डॉक्टरांची संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापकांत त्या होत्या. पुढे तीच ब्रिटिश जेरियाट्रिक्स सोसायटी झाली. १९६० मध्ये जर्मनीतील परिषदेला जाताना मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. या विषयाचे विद्यापीठातील पहिले प्राध्यापकपद ग्लासगोला १९६५ मध्ये निघाले, त्यावर डॉ. फर्ग्युसन अँडरसन यांची नेमणूक झाली.